काकासाहेब जंजाळांनी हरलेल्या पैजा

भोकरदनला बसस्टँडच्या मागं आमची गल्ली आहे, आणि गल्लीच्या तोंडाशीच काकासाहेब जंजाळांचं दुकान. पाटीवर 'जंजाळ रेडिओ हाऊस' लिहिलंय, पण आत रेडिओ शोधायचा म्हटलं तर आधी मिक्सर, टेबलफॅन, फवारणी पंपाचे चार्जर आणि लोक ठेवून विसरून गेलेले इन्व्हर्टर बाजूला करावे लागतात. तारांचा गुंता तर असा, की नवखा माणूस हमखास विचारतो, जंजाळ हे आडनाव खरं का दुकानावरून पडलंय? काकासाहेब मान वर न करता सांगतात, "आडनाव बापाचं, गुंता माझा."

मी मच्छिंद्र. समोर माझं कटलरीचं दुकान आहे, त्यामुळे या माणसाकडं बघत माझी उमर गेली. हाताला मोठा गुण. खोड मात्र एक. कुठली वस्तू बारीक झाली, की याच्यापुढं ती बारीक होणं शक्य नाही असं ते सांगून टाकायचे. नुसतं सांगून सोडलं असतं तर कुणी लक्षही दिलं नसतं, पण ते पैज लावायचे.

ही खोड लागली त्याला त्यांचं शिक्षण कारणीभूत आहे. तरुणपणी ते जालन्याला एका उस्तादाकडं रेडिओचं काम शिकायला गेले होते. तेव्हाचा रेडिओ म्हणजे लाकडी पेटी आणि आत काचेचे दिवे. बटण फिरवलं की आधी तो तापायचा, मग बोलायचा. काकासाहेब ते दिवे शिकले, मनापासून शिकले, गावी येऊन दुकान टाकलं. आणि दुकानाला वर्ष व्हायच्या आत सुट्टीवर आलेला एक फौजी खिशात मावणारा ट्रान्झिस्टर रेडिओ घेऊन आला. काकासाहेबांनी झाकण उघडलं तर आत दिवा एकही नाही. तीन पायांचे, उडदाएवढे दाणे तेवढे बसवलेले.

शेजारी लालमियाँचं गादीघर होतं. लालमियाँ आणि काकासाहेब एका वर्गात शिकलेले, एकाच दिवशी शाळा सोडलेले. काकासाहेबांनी त्यांना हाक मारली.

"लालमियाँ, हे बघ. दिवे गेले. आता हे दाणे आले."

"मंग?"

"मंग काय, खतम. याच्यापुढं बारीक व्हणं शक्य न्हाई. मानसाच्या चिमटीत तर आलं पाहिजे का न्हाई?"

लालमियाँ गादी भरत होते. त्यांनी हातातली काठी खाली ठेवली. "काकासाब, गादीत कापूस ठासला की गिऱ्हाईक म्हणतं, बस, आता बसणार न्हाई. म्या गुडघा लावतो. अजून एक मूठ बसती. दर बारीला बसती."

"कापसाचं अन् रेडिओचं काय सांगून राह्यला तू?"

"मला कापसाचंच समजतं. पैज लाव."

पैज लागली. हरेल त्यानं साऱ्या गल्लीला रोडग्यांचं जेवण द्यायचं. रोडगे म्हणजे आमच्याकडचं मोठं जेवण. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, फोडून तुपात बुडवायचे, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. ते शक्यतो नवस फेडायला करतात. त्यामुळे काही वर्षांनी काकासाहेब पहिल्यांदा हरले, तेव्हा नुकतंच लग्न होऊन आलेल्या सगुणाबाईंना वाटलं, हे सासरच्या कुठल्यातरी दैवताचं जेवण असावं. त्या हळूच केशरबाईंना विचारायला गेल्या. केशरबाई म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या नर्स. आमच्या गल्लीतली निम्मी माणसं त्यांच्याच हातावर जन्मली, म्हणून त्यांचा शब्द शेवटचा. त्या म्हणाल्या, "देवाचं न्हाई बाई, तुझ्या नवऱ्याच्या तोंडाचं आहे."

झालं होतं असं, की दुरुस्तीला आलेल्या एका नव्या रेडिओत ते दाणेही दिसेनात. त्यांच्या जागी दोन्ही बाजूंनी पाय फुटलेली एक काळी चपटी वडी होती. तिच्या पोटात तसे कितीतरी दाणे कोंबलेले. हीच ती चिप. काकासाहेबांनी ती फोडून आत बघायचा यत्न केला आणि गिऱ्हाईकाला रेडिओ भरून द्यावा लागला.

त्या जेवणात हात धुता धुताच त्यांनी दुसरी पैज लावली.

असं म्हणू नका की त्यांना समज कमी होती. उलट प्रत्येक वेळी त्यांचं कारण ऐकून पटायचं. आधी म्हणाले चिमटीत धरता आलं पाहिजे. मग म्हणाले डोळ्याला दिसलं पाहिजे. मोबाईलची मेमरी कार्डं आली तेव्हा म्हणाले, "ही नखाएवढी झाली. अजून बारीक केली तर हरवून जातील." कार्डं अजून बारीक झाली आणि खरंच हरवली. गल्लीतल्या मालनबाईंच्या पोराच्या लग्नाचे फोटो असलेलं कार्ड काकासाहेबांच्या हातातून उडालं. सारी गल्ली खाली वाकली, कुणी झाडू आणला, कुणी चुंबक आणलं. काकासाहेब हताश होऊन घरी गेले तर सगुणाबाई म्हणाल्या, "टाचंला काय चिटकलंय तुमच्या?" फोटो सगळे शाबूत निघाले. मालनबाईंना ते कळू दिलं नाही, नाहीतर नव्या सुनेचा फोटो टाचेखाली आला म्हणून त्यांनी गल्ली डोक्यावर घेतली असती.

ती पैज हरल्यावर काकासाहेब बरीच वर्षं गप्प बसले. लोकांना चैन पडेना. येता-जाता कुणीतरी विचारायचं, "काय काका, लई दिवस झाले, हारला न्हाईत." पण वस्तू आता उघडूनही काही दिसेना, तेव्हा कशावर पैज लावायची? शेवटी लालमियाँनी सरळ चिपवरच लावायला लावली. चिप याच्यापुढं बारीक होईल का नाही, एवढंच.

मग तीनेक वर्षांपूर्वी पेपरात एक बातमी आली. काकासाहेबांनी ती दुकानाच्या पायरीवर उभं राहून वाचून दाखवली. बातमीत म्हटलं होतं, की साठ वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका इंजिनिअरनं अंदाज बांधला होता, चिपवर मावणारे हे दाणे, म्हणजे ट्रान्झिस्टर, दर दोनेक वर्षांनी दुप्पट होत जातील. तसंच होत आलं. पण आता त्यांचे भाग इतके बारीक झालेत की अणू मोजायची पाळी आलीय, आणि काही जाणकार म्हणतात, हा अंदाज इथंच संपला.

"ऐका," काकासाहेब म्हणाले. "अणू. अणूच्या पुढं काय किसून राह्यले तुमी?"

लालमियाँनी बातमी परत एकदा वाचायला लावली. मग म्हणाले, "साठ वर्षं तो माणूस जिंकून राह्यला, माझ्यासारखाच. आता पेपरच म्हणतो संपलं, तर संपलं. या आठवड्यात रोडगे माझ्याकडं."

इमामबींनी, म्हणजे लालमियाँच्या बायकोनं, परातभर कणीक तिंबली. सगुणाबाई मदतीला गेल्या. काकासाहेब इस्त्रीचा सदरा घालून पंगतीत बसले. जन्मात पहिल्यांदा ते जिंकलेल्याच्या जागेवर बसले होते आणि तिथं कसं बसायचं ते त्यांना येत नव्हतं. सारखे उठून वरण वाढायला बघत होते. इमामबींनी दोनदा हाताला धरून खाली बसवलं.

तेवढ्यात पप्पू आला. पप्पूचं चौकात मोबाईलचं दुकान आहे, चाळिशीचा गडी आहे, बातम्या त्याच्याकडं सगळ्यात आधी येतात. त्यानं फोन पंगतीच्या मधोमध धरला. एका मोठ्या चिप कंपनीचा मुख्य साहेब स्टेजवर उभा राहून बोलत होता आणि खाली हिंदीत अक्षरं उमटत होती. साहेब म्हणत होता, आम्ही थांबणार नाही. चिप बारीक करत राहू, पुढचे टप्पे ठरलेत, कुठला टप्पा कुठल्या साली ते पण ठरलंय. हे आमचं वचन आहे.

लालमियाँचा हात तुपाच्या भांड्यात थांबला. "म्हंजे म्या हारलो न्हाई."

"वचन आहे हे," काकासाहेब म्हणाले. "वचन म्हंजे चिप न्हाई. म्या पण सगुणेला वचन देल्तं, लग्नात, काश्मीरचं."

"बराबर," सगुणाबाई आतून म्हणाल्या.

"अरे पण मोठी कंपनी आहे. साल सांगून राह्यली."

"महामंडळाची बस पण टाईम सांगून राह्यली."

पंगतीत दोन तट पडले. निम्म्यांचं म्हणणं काकासाहेब जिंकले, निम्म्यांचं म्हणणं लालमियाँ. एकजण म्हणाला दोघंही हरले, म्हणजे अजून एक जेवण निघतं. शेवटी सगळ्यांनी केशरबाईंकडं बघितलं. केशरबाई आता फार थकल्यात, पण दात शाबूत आहेत. त्यांनी आधी हातातला रोडगा संपवला.

"आजचं जेवण कुणाचंच न्हाई, उपरवाल्याचं समजा. त्या मानसानं शब्द देल्ला ना? मंग त्याला येळ द्या. त्यानं सांगितलेली चिप भोकरदनला आली अन् आपून डोळ्यानं बघितली, तर काकासाहेब हारले. न्हाई आली, तर लालमियाँ हारले."

सगळ्यांना पटलं. त्या दिवसापासून गल्लीत त्या कंपनीचं नाव 'वचनवाली' पडलं.

आता मधेच आकांक्षाची ओळख करून द्यायला पाहिजे. काकासाहेबांची मुलगी मीना जालन्याला दिलीय, तिची ही मुलगी. लहानपणी सुट्टीत आली की आजोबांच्या दुकानात स्क्रू वेगळे करत बसायची. संभाजीनगरला इंजिनिअर झाली, पुढं आणखी शिकली, आणि त्या पंगतीनंतर वर्षभरात बेंगळुरूला नोकरीला लागली. काकासाहेबांनी पेढ्यांचा बॉक्स घेऊन सारी गल्ली पालथी घातली. लालमियाँनी पेढा तोंडात टाकला आणि सहज विचारलं, "कुठल्या कंपनीत लागली म्हणला?"

काकासाहेबांनी बॉक्सचं झाकण लावलं. "वचनवालीत."

लालमियाँना पेढा नीट गिळता येईना. इमामबींनी पाणी आणलं. ते पिऊन त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "म्हंजे नात माझ्या बाजूनं अन् आजा दुसऱ्या बाजूनं."

"नोकरी नोकरीच्या जागी, पैज पैजेच्या जागी," काकासाहेब म्हणाले. पण त्या दिवशी त्यांनी दुकान लवकर बंद केलं.

पुढं ठरलेलं साल आलं. चिप आली नाही. बातमी आली, की वचनवालीनं तारीख पुढं ढकलली, काहीतरी चूक निघालीय आणि कदाचित माणसं कमी करतील. पप्पू धावत हे सांगायला आला. लोक काकासाहेबांच्या दुकानापुढं जमले. कुणी म्हणालं अभिनंदन, कुणी म्हणालं काका, तुमची साडेसाती संपली. काकासाहेब एक मिक्सर उघडून बसले होते. ते म्हणाले, "गर्दी करू नका, उजेड अडून राह्यला."

त्या दिवाळीत आकांक्षा आली. दरवर्षी ती आली की आधी माझ्या दुकानात येऊन टिकल्यांची पाकिटं उलटीपालटी करायची. या वेळी सरळ आजोबांच्या दुकानात जाऊन स्टुलावर बसली. आमची दुकानं इतकी समोरासमोर आहेत की बोललेलं ऐकू येतं. कान बंद करायचे म्हटलं तरी गिऱ्हाईक नसताना ते जमत नाही.

"तुझं तिथं काम काय असतं नेमकं?" काकासाहेबांनी विचारलं.

"चिप बनायच्या आधी तिचा नकाशा बनतो, आबा. तो तपासायचा. चुका शोधायच्या."

"अन् ते बारीक करणं?"

"आता नुसतं बारीक नाही करत. जागाच नाही राहिली. आडवं होतं ते उभं केलं. उभ्याच्या थरांवर थर चढवले. विजेच्या तारा वरून यायच्या, सगळी गर्दी व्हायची, म्हणून त्या खालून घेतल्या."

काकासाहेबांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "भिंतीमागून वायरिंग."

"हो. तसंच."

"चांगलं केलं. समोरून लई घाण दिसती." मग त्यांनी विचारलं, "मंग अडलं कुठं?"

आकांक्षानं स्टूल पुढं ओढलं. मग म्हणाली, "कंपनीतलं बाहेर सांगता येत नाही आबा. पण एक चूक निघाली. ती मीच शोधली."

"तू?"

"मी म्हणजे आमच्या चौघांच्या टीमनं. पण पहिल्यांदा मला दिसली. मी सांगितलं, म्हणून तारीख गेली. आता जेवायला बसलं की दुसऱ्या टीमची माणसं उठून दुसऱ्या टेबलावर जातात. कुणी काही म्हणत नाही, पण जातात. मला वाटतं, गप्प बसले असते तर बरं झालं असतं."

"चूक व्हती का न्हाई?"

"होती."

"मंग काय? गप बसली असती तर ती चिपमधून मशिनीत गेली असती अन् मशिनीतून कुणाच्यातरी घरी. तिथं बसून त्यानं शिव्या घातल्या असत्या. नकाशात सापडली हे नशीब म्हण." त्यांनी मिक्सरचं भांडं तिच्या हातात दिलं. "हे धर. याचं पातं का अडकून राह्यलं, सांग."

तिनं बघून सांगितलं. चुकीचं सांगितलं, पण काकासाहेब म्हणाले, जवळजवळ बरोबर आहे.

ती बेंगळुरूला परत गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच काकासाहेब गादीघरात गेले. मी पण मागोमाग गेलो, मला उशी भरून घ्यायची होतीच.

"लालमियाँ, पैज बदलू. तू माझी बाजू घे, म्या तुझी घेतो."

"का बरं?"

"असंच."

"बिलकुल न्हाई. म्या जन्मभर जिंकून राह्यलो. आता सत्तरी पार केल्यावर हारणाऱ्याच्या गाडीत बसू का?"

"पण आता तर म्या जिंकून राह्यलो. चिप आलीच न्हाई. जिंकणारी बाजू देऊन राह्यलो तुला."

"तुझ्या बाजूवर माझा भरोसा न्हाई," लालमियाँ म्हणाले. "तू ज्या बाजूला बसतो ती हारती. इतकी वर्षं बघून राह्यलो. पोरीच्या भल्यासाठी तू तिथंच बस, हलू नको."

काकासाहेब तसेच बाहेर पडले. त्यांनी तक्रार केशरबाईंकडं नेली. केशरबाईंनी ऐकूनच घेतलं नाही, म्हणाल्या, "बाजू बदलायला तू काय आमदार हाय का?"

मग अंगारकी चतुर्थी आली. आमच्या तालुक्यात राजूरचा गणपती मोठा, त्या दिवशी गाड्या भरभरून माणसं जातात. काकासाहेब तसे देवाधर्माचे नाहीत, पण त्या दिवशी डोकं विंचरून, धोतर नेसून राजूरच्या बसमध्ये बसले. नेमके शेजारी लालमियाँ येऊन बसले. त्यांना राजूरला एका लॉजच्या उशा पोचवायच्या होत्या. पुढचं लालमियाँनीच मला सांगितलं, आणि काकासाहेबांनी ते खोटं आहे असं कधी म्हटलं नाही.

"कुठं चालला?"

"राजूरला."

"बस राजूरलाच चालली. कशाला चालला?"

"दर्शनाला."

"नवस बोलायला?"

"तुला काय करायचं?"

लालमियाँनी उशांचं गाठोडं मांडीवर घेतलं. "हारायचा नवस बोलणार तू. हो ना?"

काकासाहेब खिडकीतून बाहेर कपाशीकडं बघत राहिले. बरंच अंतर गेल्यावर म्हणाले, "पोर जेवायला एकटी बसून राह्यली रे तिकडं."

लालमियाँनी गाठोड्याची गाठ घट्ट केली. "मंग एक काम कर. माझ्याकडून पण दोन शब्द टाक. म्हणावं लालमियाँ गादीवाल्याचं पण हेच म्हणणं आहे. माझी त्यांची तशी वळख न्हाई, पण त्यांच्या मंडपाच्या गाद्या म्याच भरलेल्या आहेत."

काकासाहेबांनी ते शब्द टाकले. सगुणाबाईंनी ही गोष्ट इमामबींना सांगितली, आणि इमामबींनी कुणालाच सांगायची नाही या अटीवर सगळ्यांना सांगितली. गल्ली चार दिवस हसत होती. पैज लावून ती हरावी म्हणून नवस बोलणारा माणूस दुसरीकडं कुठं असेल तर त्यानं कळवावं.

गणपतीनं ऐकलं का आकांक्षाच्या टीमनं काम केलं, यावर आमच्याकडं अजून वाद आहे. पण उन्हाळ्याच्या तोंडाला तिचा फोन आला. चूक दुरुस्त झाली, चिप बनली, बाजारात आली. वचन पाळायला उशीर लागला, पण पाळलं. काकासाहेब फोनवर एवढंच म्हणाले, "जेवायला कोण कोण असतं आता?" तिकडून ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. काकासाहेबांनी मात्र चष्मा काढून पुसला आणि तोच चष्मा उलटा घातला.

केशरबाईंचा हुकूम होता, की चिप भोकरदनला आली पाहिजे आणि डोळ्यानं बघितली पाहिजे. म्हणून आकांक्षा ती चिप असलेला लॅपटॉप घेऊन आली. काकासाहेबांच्या दुकानात जागा नव्हती, तेव्हा गादीघरात एका नव्या कोऱ्या गादीवर तो ठेवला. सारी गल्ली भोवती उभी राहिली. केशरबाईंना खुर्ची दिली.

काकासाहेबांनी स्क्रूड्रायव्हर काढला. आकांक्षा म्हणाली, "आबा, वॉरंटी जाईल."

"पैजेचं काम आहे, जाऊ दे."

त्यांनी अलगद मागचं झाकण काढलं. इतक्या सावकाश त्यांना काम करताना मी कधी बघितलं नव्हतं. आत एक तांब्याची पट्टी दिसली, एक छोटा पंखा दिसला. चिप दिसेना.

"चिप कुठं आहे?" केशरबाईंनी विचारलं.

"पट्टीच्या खाली आहे आजी. गार ठेवायला वरून झाकतात."

"मंग दिसली न्हाई," लालमियाँ म्हणाले. "काकासाब हारले असं म्हणता यायचं न्हाई."

"दिसत न्हाई हाच पुरावा," काकासाहेब तडकले. "इतकी बारीक आहे."

"बारीक आहे का न्हाईच, कसं कळावं?"

"पोर सांगून राह्यली ना."

"पोर घरची आहे. साक्ष बाहेरची पाहिजे."

"लालमियाँ, म्या हारलो म्हणतो ना. हारलेला मानूस खोटं कशाला बोलंल?"

लालमियाँ गंभीर चेहरा करून नाहीच म्हणत होते. काकासाहेब आपण हरलोय हे सिद्ध करायला घाम गाळत होते. शेवटी आकांक्षाला हसू आवरेना. ती गादीवर बसली आणि पोट धरून हसायला लागली, तशी सारी गल्लीही हसायला लागली. केशरबाईंनी हात वर केला. "काकासाहेब हारले. कणीक तिंबा."

या वेळी रोडगे काकासाहेबांनी स्वतः भाजले. सगुणाबाईंना हात लावू दिला नाही, त्यामुळे निम्मे वरून काळे झाले आणि लोकांनी तेही खाल्ले. आकांक्षाला मधोमध बसवलं होतं. तिच्या दोन्ही बाजूला इतकी बायामाणसं दाटून बसली की तिला कोपर हलवायला जागा नव्हती. काकासाहेब वाढता वाढता प्रत्येकाला सांगत होते, "चूक हिनंच शोधली. म्हणून उशीर झाला. म्हणून बराबर झाली." तिसऱ्यांदा सांगायला लागले तेव्हा आकांक्षा म्हणाली, "आबा, कंपनीचं आहे, बाहेर सांगायचं नसतं." त्यावर ते म्हणाले, "बाहेर कुठं? गल्लीतच सांगून राह्यलो."

जेवणं झाल्यावर लालमियाँनी विषय काढला. "पुढची पैज?"

"लावू," काकासाहेब म्हणाले. "चिप अजून बारीक होणार. म्या सांगतो."

लालमियाँचा चेहरा उतरला. "ते तर म्या म्हणणार."

"आता म्या म्हणतो. नात तिथं आहे माझी."

"नात माझी पण आहे. म्या तिकडं जाणार न्हाई."

दोघंही हटेनात. पंगतीतली माणसं अस्वस्थ झाली. 'नाही होणार' म्हणणारा कुणी नसेल तर पैज कशी लागणार, आणि पैज न लागता रोडगे कुठून यायचे? मी माझं अंग काढून घेतलं, माझ्या घरी एवढी मोठी परात नाही. एकेकानं मान खाली घातली. मग कोपऱ्यातून पप्पू म्हणाला, "म्या म्हणतो, न्हाई होणार."

सगळ्यांनी वळून बघितलं.

"माझ्या दुकानात जुन्या मोबाईलचा माल पडून आहे," पप्पू म्हणाला. "नवं काही आलं न्हाई तर बरं होईल."

"असं न्हाई चालत," काकासाहेब तुपाचं भांडं बाजूला ठेवून त्याच्याजवळ जाऊन बसले. "मालाचं कारण सांगू नको. कुणी खरं समजणार न्हाई. नीट कारण पाहिजे. ऐकून मानसाला वाटलं पाहिजे, हौ, बराबर आहे, आता पुढं जाणं शक्यच न्हाई. बघ, म्या सांगतो."

आणि पप्पूनं हात पुसून, मांडी घालून, त्यांचं बोलणं ऐकायला सुरुवात केली.